खातं तुमचं, नंबर कोणाचा?

मुंबईच्या बाजारातलं एक भांडण आता जवळजवळ मिटलं आहे, सुट्ट्या पैशांचं. पूर्वी आमच्या लालबागच्या बाजारात वीस रुपयांच्या भाजीवर पाच मिनिटं हुज्जत चालायची. 'सुट्टे द्या ताई', 'अहो, सकाळपासून सगळे पाचशेचीच काढतायत', आणि शेवटी पाच रुपयांच्या बदल्यात पिशवीत कोंबलेल्या चार मिरच्या नि आल्याचा तुकडा. केमिस्टकडे सुट्ट्यांऐवजी गोळ्या-चॉकलेटं मिळायची. माझ्या पिढीचे दात त्यानेच किडले असं माझं ठाम मत आहे. आता वडापावच्या गाडीला, चांभाराच्या पेटीला, गजरेवालीच्या टोपलीला ठिपक्याठिपक्यांच्या चौकोनाची पाटी लटकलेली असते. स्कॅन केलं की शेजारचा डबा किती पैसे आले ते ओरडून सांगतो. विषय संपला.

ज्या कचेरीतून हे चालतं तीही इथलीच. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन, म्हणजे एनपीसीआयचं मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. संस्था २००८ सालची. २०१० मध्ये त्यांनी आयएमपीएस, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत लगेच पैसे पाठवण्याची सोय आणली, एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरची नोटाबंदीची रात्र आली आणि ज्यांना फोनवरून पैसे पाठवण्यात काडीचा रस नव्हता त्यांनाही ते शिकावं लागलं. ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यातल्या यूपीआय व्यवहारांची संख्या पहिल्यांदा एक हजार कोटींच्या वर गेली. जानेवारी २०२० पासून या व्यवहारांवर दुकानदाराला शुल्क नाही, म्हणून दहा रुपयांची कोथिंबीरही अशी विकणं परवडतं. कार्डाच्या यंत्रावर दहा रुपये मागितले असते तर भाजीवाल्याने ग्राहकाला वेड्यात काढलं असतं.

या सगळ्याचं मला मनापासून कौतुक आहे. पण पैसे पोचते झाले म्हणून बँकही पोचली, असं जे सरसकट बोललं जातं ते मला पटत नाही. त्याला कारण माझे वडील.

वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि आमच्या चाळीतल्या बहुतेक घरांसारखंच आमच्याही घरात पुन्हा कधी गिरणीचा पगार आला नाही. वडिलांनी मिळेल ते केलं. शेवटी एका पतपेढीचे पिग्मी एजंट झाले. ज्यांना पिग्मी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. रोज थोडी थोडी रक्कम दुकानात येऊन गोळा करून नेण्याची ही पद्धत सिंडिकेट बँकेने १९२८ साली रोजच्या दोन आण्यांपासून सुरू केली आणि पुढे आपल्याकडच्या पतपेढ्यांनी ती उचलून धरली. वडील संध्याकाळी कापडी पिशवी खांद्याला लावून निघायचे. पानवाला, इस्त्रीवाला, अंडी-पाववाला, फुटपाथवरच्या भाजीवाल्या. कोणाचे पाच, कोणाचे दहा. कार्बन लावून पावती फाडायची, पासबुकात आकडा टाकायचा, पुढच्या टपरीवर जायचं. पावसाळ्यात पासबुकं प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली असायची आणि ती पिशवी घरी आल्यावर माझ्या अभ्यासाच्या टेबलावर ठिबकत राहायची.

पैसे गोळा करणं हे त्या कामाचं अर्धंच अंग होतं. एखाद्या भाजीवालीला कर्ज हवं असलं की पतपेढीच्या सभेत वडिलांना विचारलं जायचं. ते सांगायचे, बाई रोजची आहे, गणपतीतसुद्धा हप्ता चुकवत नाही, द्या. बाईकडे ना सातबारा, ना पगाराची चिठ्ठी. तिची सगळी लायकी वडिलांच्या तोंडच्या त्या वाक्यात असायची. आणि वडिलांना ती आवडत नसती तर? हा प्रश्न मला फार उशिरा सुचला. एजंटशी वाकड्यात गेलेल्या माणसाला कर्ज मिळत नसे, हेही तितकंच खरं असणार.

त्याआधीची व्यवस्था तर विचारूच नका. गिरणगावात पगाराच्या दिवशी गेटबाहेर काठी घेऊन उभे राहणारे पठाण सावकार आजोबांच्या पिढीने पाहिले होते. 'पठाणी व्याज' आपण अजूनही म्हणतो ते उगाच नाही. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका किराणा उधारीवर उचलायच्या, दुकानदार सांगेल त्या भावाने. १९६९ ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, म्हणून त्या बायका दुसऱ्या दिवशी बँकेत गेल्या असं काही घडलं नाही. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बायकांचे गट बांधले, एकमेकींना जामीन ठेवलं, बँकेच्या माणसांशी भांडल्या, तेव्हा कुठे ती कर्जं मिळाली. बँक सरकारी झाली तरी मध्ये कोणीतरी उभं राहावं लागत होतं. साधं बचत खातं उघडायलासुद्धा त्याच शाखेतल्या जुन्या खातेदाराची ओळख म्हणून सही लागायची. आमच्या चाळीत पोस्टात नोकरीला असलेल्या एका काकांच्या सहीवर निम्म्या चाळीची खाती उघडली होती, आणि काका त्या उपकाराची आठवण दरवर्षी गणपतीची वर्गणी मागताना करून द्यायचे.

ती सही आता लागत नाही. आधार आलं, २८ ऑगस्ट २०१४ ला जनधन योजना आली, शून्य शिल्लक ठेवून खातं उघडता यायला लागलं. आज जनधनची खाती पन्नास कोटींहून जास्त आहेत आणि त्यातली निम्म्याहून अधिक बायकांची. या आकड्याला नाकं मुरडणारे लोक मला भेटतात. त्यांनी कधी ओळखीच्या सहीसाठी कोणाच्या दारात ताटकळलेलं नसतं.

काकांची जागा मात्र रिकामी राहिली नाही. तिथे मोबाइल नंबर येऊन बसला.

खातं उघडताना फॉर्मवर नंबर लिहावा लागतो. घरात धड चालणारा फोन एकच असतो, तो नवऱ्याचा, दिराचा, नाहीतर दहावीतल्या मुलाचा. बाई शाखेत ज्याला सोबत घेऊन जाते त्याचा नंबर लिहिला जातो. यूपीआयचं ॲप सुरू करताना आधी त्या सिमवरून एक मेसेज जातो आणि खातं त्या फोनशी बांधलं जातं. म्हणजे पासबुकावर फोटो बाईचा, सही किंवा अंगठा बाईचा, पण खात्यात काय आलं नि काय गेलं याची टिंगटिंग दुसऱ्याच्या खिशात. पिन त्याच्या बोटांना पाठ. रिचार्ज संपला आणि नंबर बंद पडला तर खातंही मुकं होतं. तोच नंबर कंपनीने काही महिन्यांनी दुसऱ्याला दिला तर निस्तरताना नाकीनऊ येतात.

हे किती घरांत आहे ते मला २०२४ च्या पावसाळ्यात दिसलं. लाडकी बहीण योजना जाहीर झाली, महिना दीड हजार रुपये, थेट आधारला जोडलेल्या खात्यात. आमच्या भागातल्या बँकांबाहेर सकाळपासून बायकांच्या रांगा. त्यात आमच्याकडे भांडी-केर करायला येणाऱ्या ताई होत्या. शेजारणीचे पैसे आले, यांचे येईनात. पासबुक तीनदा भरून आणलं, कोरं. मी त्यांच्याबरोबर शाखेत गेले. काउंटरवरच्या मुलाने आधार क्रमांक टाकून पाहिलं आणि म्हणाला, 'मावशी, तुमचं आधार आमच्याकडे नाही जोडलेलं, दुसऱ्या बँकेत आहे. पैसे तिकडे पडले असतील.'

'माझं दुसरं खातंच नाही,' ताई म्हणाल्या.

होतं. आधारवरून येणारे सरकारी पैसे कुठल्या बँकेत टाकायचे त्याची एक यादी एनपीसीआयकडे असते, आणि ज्या बँकेत आधार सगळ्यात शेवटी जोडलं गेलं तिचं नाव त्या यादीत राहतं. ताईंच्या गावी, संगमेश्वराकडे, कधीतरी गॅसच्या सबसिडीसाठी दिराने एक खातं उघडून दिलं होतं. त्या विसरून गेल्या होत्या. दीर विसरला नव्हता. मेसेज त्याला येत होते. त्याने पैसे खाल्ले का? नाही, तसा तो सरळ माणूस. 'वहिनी विचारील तेव्हा देऊ' म्हणून बसला होता. ताई मला हे सांगताना हसत होत्या, पण ते हसणं जरा ओढूनताणूनच होतं. पुढच्या वर्षी योजनेची ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख-पडताळणी आली. त्यात स्वतःच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरचाही ओटीपी मागत होते. ज्यांचा नवरा वारलेला, किंवा सोडून गेलेला, आणि वडीलही नाहीत, त्या बायकांनी काय करायचं हे सुरुवातीला कोणाला धड सांगता येत नव्हतं.

गावच्या खात्यातले पैसे काढायला आम्ही नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे अंगठा लावून पैसे काढायचं यंत्र आहे, आधारवर चालणारं, एका वेळी दहा हजारांपर्यंत. ताईंनी अंगठा ठेवला, लाल दिवा. पदराला पुसून पुन्हा ठेवला, लाल. झेरॉक्सवाला सवयीने म्हणाला, 'दुसरं बोट लावा.' तर्जनी लाल, मधलं लाल. मग त्याने स्वतःच काचेवर फुंकर मारली, रुमालाने घासली आणि त्यांचा हात धरून बोट जरा तिरपं दाबलं. मागे दोन पोरं प्रोजेक्टची प्रिंट काढायला खोळंबली होती. ताईंच्या बोटांची टोकं जवळून पाहिली तर गुळगुळीत, मधूनमधून चिरा पडलेली. वर्षानुवर्षं भांड्यांची पावडर आणि काथ्या. शेवटी डाव्या हाताची अनामिका लागली. त्याने टेबलाखालच्या खणातून नोटा मोजून दिल्या आणि वर वीस रुपये घेतले. ते त्याने घ्यायचे नसतात हे मला माहीत होतं, त्यालाही होतं. तिथे उभं राहून मला ते वीस रुपये फारच स्वस्त वाटले.

एका गोष्टीची चर्चा मात्र मी फारशी ऐकत नाही. बाईला कधी कधी बचत दिसूच नये असं वाटतं. तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवलेली शंभराची नोट नवऱ्याला दिसत नाही. बँकेचा मेसेज दिसतो. ताईंच्या वस्तीत भिशी आहे, महिना हजाराची, बारा बायकांची. चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिने बारा हजार उचलायचे. निम्म्या जणी आता पैसे फोनवरून पाठवतात आणि स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतात. उरलेल्या रोखच देतात, आणि त्यात फोन वापरता न येणाऱ्या कमी, घरात पत्ता लागू नये अशी इच्छा असलेल्या जास्त. त्यांना 'डिजिटल साक्षर' करायला येणाऱ्या संस्थांच्या ताया-दादांना हे कोणी तोंडावर सांगत नाही. चहा पाजून पाठवतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये यूपीआय सर्कल नावाची सोय आली. घरातल्या एकाचं खातं, आणि त्याने इतरांना महिन्याला पंधरा हजारांपर्यंत खर्च करायची मुभा द्यायची. म्हाताऱ्या आईवडिलांसाठी उत्तम आहे. पण आईचं खातं आणि मुलाला मुभा, असं किती घरांत होईल? उलटंच होणार.

कर्जाचं प्रकरण निराळंच. आमच्या मजल्यावरच्या एका मुलाने फोन घ्यायला कुठल्याशा ॲपवरून पाच हजार उचलले. हातात पडले साडेतीनच्या आसपास, फेड सात दिवसांत. चुकलं तसं त्याच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांवर, आत्यापासून शाळेच्या बाईंपर्यंत, त्याच्या फोटोखाली 'चोर' लिहून मेसेज गेले. पठाण गेटवर उभा राहायचा तेव्हा निदान फक्त गिरणीतल्या माणसांना कळायचं. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये नियम आणले. कर्ज थेट घेणाऱ्याच्या खात्यात यावं, एकूण खर्च आधी लेखी सांगावा, विचार बदलला तर परत करायला मुदत द्यावी, फोनमधल्या नंबरांच्या यादीत हात घालू नये. नियम चांगले आहेत. नियम न पाळणारं ॲप नाव बदलून पुन्हा येतं, एवढंच.

दुकानदारांना दिलं जाणारं कर्ज यापेक्षा सभ्य असतं. ज्या कंपनीची पाटी टपरीवर आहे तिला तुमचा रोजचा गल्ला ठाऊक असतो. ती म्हणते, घ्या साठ हजार, रोज गल्ल्यातून आम्हीच थोडे थोडे कापून घेऊ. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वडिलांची कापडी पिशवी आठवली. रोजचा हप्ता तोच, फक्त क्रम उलटा. वडिलांचा भाजीवाला आधी वर्ष-दीड वर्ष साठवायचा आणि मग त्याला कर्ज मिळायचं. हा आधी घेतो आणि मग फेडत बसतो. साठलं काहीच नसतं. पण एक मोठा फायदा मला कबूल करायला हवा. पाटीला तुमची जात, गाव, एजंटशी असलेलं तुमचं वाकडं ठाऊक नसतं. तिला गल्ला दिसतो. वडिलांनी ज्याला 'नको' म्हटलं असतं अशा कोणालातरी ती आज 'हो' म्हणत असेल.

तिच्या चुकाही तिच्याच धर्तीच्या. आमच्या इडलीवाल्या अण्णांचं खातं एका सकाळी गोठलं. कोणीतरी ऑनलाइन फसवणुकीतल्या पैशांतून त्यांच्याकडे चाळीस रुपयांचा नाश्ता केला होता, आणि त्या पैशाचा माग काढत आलेल्या दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांनी साखळीतली सगळी खाती थांबवायला सांगितली होती. बँक म्हणे पोलिसांना विचारा, पोलीस म्हणत मेल करा. अण्णांनी महिनाभर पाटी उलटी करून ठेवली आणि रोख घेतली. वडिलांच्या पतपेढीत असा घोळ झाला असता तर संध्याकाळी दारात जाऊन त्यांच्याशी भांडता तरी आलं असतं.

आता मासळीवाल्या मावशींचं सांगते, कारण हे सगळं लिहायला बसले ते त्यांच्यामुळे. पहाटे भाऊच्या धक्क्यावरून माल उचलायचा, सकाळी आमच्या बाजारात बसायचं. बोंबील, मांदेली, पैसेवाल्या गिऱ्हाइकासाठी थोडी सुरमई. माझ्या आईलाही त्याच मासळी द्यायच्या. टोपलीच्या कडेला त्यांची पाटी असते, खवले चिकटून अर्धी दिसेनाशी झालेली. सून शेजारी बसून कोलंबी सोलते आणि फोनकडे बघून 'आले' म्हणते. पाटी मुलाच्या नावाची. नंबर मुलाचा, खातं मुलाचं. मुलगा एका कुरिअर कंपनीत आहे, मासळीला हात लावत नाही.

गेल्या वर्षी मुलाला कर्जाचा मेसेज आला, मंजूर, फक्त होय म्हणा. त्याने मोटारसायकल घेतली. मावशींना त्याच सुमारास बर्फाची पेटी आणि धक्क्यावरच्या लिलावासाठी भांडवल हवं होतं. त्या बँकेत गेल्या. बँकेने त्यांचा सिबिल पाहिला. तीनशे ते नऊशेमधला हा आकडा मागच्या कर्जांच्या फेडीवर ठरतो, आणि ज्याने बँकेचं कर्ज कधी घेतलंच नाही त्याला आकडाच नसतो. मावशींनी धक्क्यावरच्या व्यापाऱ्याची उधारी आयुष्यभर संध्याकाळच्या आत फेडली, ती कुठे लिहिलेली नाही. गेली काही वर्षं पाटीवरून जो गल्ला झाला तो लिहिलेला आहे, पण मुलाच्या नावाने. आई विकते आणि पत मुलाची वाढते. फेरीवाल्यांसाठी २०२० पासून स्वनिधी योजना आहे, दहा हजारांपासून सुरू झालेली. पण तिथेही आधी तुम्ही विक्रेते आहात याचा कागद लागतो, आणि बाजारातल्या जागेचा कागद मावशींच्या सासूच्या नावाचा आहे. सासू जाऊन जमाना झाला.

मग मी म्हटलं, मावशी, तुझ्या नावाची पाटी करू. नवा फोन भिशीच्या पैशांतून घेऊ, सिम तुझ्या नावावर काढू. त्यांना पटलं. फक्त एक अट घातली, 'हिशोब सूनबाईला दिसू दे, पोराला नको.' एवढ्या एका वाक्यात त्यांच्या घरातलं मला सगळं कळलं.

कागद जमवायला बसलो. पासबुकावर लग्नातलं नाव, जे लग्नानंतर त्यांना एकानेही हाक मारून वापरलेलं नाही. आधारवर माहेरचं, रोजचं नाव. पॅनवर नवऱ्याच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच. तिन्ही जुळल्याशिवाय पाटी होणार नाही. नाव का बदललं याला पुरावा म्हणून लग्नाचा दाखला आणा, असं बँकेतल्या बाई म्हणाल्या.

'देवळात लग्न लागलं, अख्खा कोळीवाडा जेवून गेला,' मावशी म्हणाल्या. 'दाखला कोण काढतो गो? आणि नवराच नाय ऱ्हायला, आता त्याची सही कुठून आणू?'

लग्नाच्या दाखल्याचं काही होईना, तेव्हा ठरलं की बँकेतलं नाव राहू दे, आधारवरचं बदलायचा प्रयत्न करू. बाकीचे कागद मी जमवते आहे, एक प्रतिज्ञापत्र आणि नगरसेवकाच्या कचेरीतून एक पत्र. आधार केंद्राची वेळ ऑनलाइन घ्यायची असते. काल संध्याकाळी बाजार उठल्यावर तेवढं करून टाकू म्हणून मी त्यांच्या पाटाशेजारी बसले. पहिलाच रकाना मोबाइल नंबरचा होता. भिशी अजून लागायची आहे, म्हणजे नवा फोन यायचा आहे, आणि मुलाचा नंबर द्यायला मावशी तयार नव्हत्या. मी माझा टाकला. ओटीपी लगेच आला.